श्रेयनामावलीतलं शेवटचं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कामोमे कंपनीचे प्रमुख ओबातासान, मंचावरचे सन्माननीय संचालक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते इसोगाई वकीलसाहेब, पुढच्या रांगेतल्या आमच्या जुन्या संगीतकार निशिवाकीसान, आणि हातातली बिअर कोमट होत असतानाही शांत बसलेले माझे सहकारी,

आज एकतीस मार्च. दुपारी तीन वाजता मी हे भाषण स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होतो. तेवढ्यात निशिवाकीसानांचा फोन आला आणि अर्धं भाषण फाडावं लागलं. त्यामुळे माझ्या हातातले काही कागद नीटनेटके आहेत आणि काहींवर खाडाखोड आहे. खाडाखोड असलेले कागद जास्त महत्त्वाचे आहेत.

इसोगाईसान आपल्याकडे आले ते एका खटल्यापुरते. तेव्हा कामोमे ओसाकाच्या कापडबाजारामागे दोन मजल्यांत मावत होती. आपला ‘गोदामातला कोल्हा’ हा व्हिडिओ गेम कुणीतरी जसाच्या तसा उचलला होता, फक्त कोल्ह्याचं मांजर केलं होतं. न्यायाधीशांना दोन्ही खेळ दाखवायचे म्हणून इसोगाईसानांनी यंत्रं कोर्टात नेली आणि स्वतः खेळायला उभे राहिले. पहिल्याच गोदामात पहारेकऱ्यानं त्यांना पकडलं. पुन्हा पकडलं. शेवटी न्यायाधीश म्हणाले, “वकीलसाहेब, जरा सरका, मी बघतो.” खटला आपण जिंकलो. न्यायाधीश तिसऱ्या गोदामापर्यंत पोचले होते असं जुने लोक सांगतात.

एका खटल्यासाठी आलेला माणूस अडतीस वर्षं राहिला. आधी वकील, मग कायदा विभागाचे प्रमुख, मग संचालक. खेळाच्या धंद्यात वकिलाचं काय काम, असं कुणी विचारेल. पण कोल्हा परदेशी गेला तेव्हा तो तिकडे कुणाच्या खिशात गेला नाही, हे कुणामुळे? एवढं असूनही साहेबांनी आजवर एकही खेळ शेवटपर्यंत खेळलेला नाही. हे मी त्यांच्या परवानगीनं सांगतो आहे, आणि त्याला आज महत्त्व आहे.

कारण मला बोलायचं आहे ते खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांबद्दल. खटल्यानंतर आपण घरी खेळायच्या यंत्रासाठी कोल्हा नव्या आवाजांसह पुन्हा घडवला, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी दुसऱ्या कंपन्या ती नावं वाचून आपली माणसं जास्त पगारावर पळवत. म्हणून इसोगाईसानांनी करारात कलम घातलं, की श्रेयनामावलीत कुणाचंही खरं नाव येणार नाही. मग लोकांनी टोपणनावं घेतली. कुणी ‘लसूण आजोबा’ झालं, कुणी ‘चुकलेली ट्रेन’. निशिवाकीसान झाल्या ‘कडू चहा’. त्यांची धून शिट्टीवर वाजवत या देशातली मुलं मोठी झाली, पण त्यांच्या नातीला ते खरं वाटत नाही. ती विचारते, “आजी, मग तुझं नाव कुठंय त्यात?”

यंदा कोल्हा नव्यानं येतो आहे. नावं तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. शिक्षण अर्धवट सुटलेल्या माणसाला हे काम कसं मिळालं ते मला अजून कळलेलं नाही, पण आपल्याकडे एकाच उच्चाराचं आडनाव चार तऱ्हांनी लिहितात आणि एक रेघ चुकली की माणूस दुसराच होतो, याची मला फार धास्ती वाटते. खरी नावं देता येतील का, हे विचारायला मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “कलम माझं आहे, मीच काढतो. तेव्हा माणसं जाऊ नयेत म्हणून नावं लपवली. आता माणसं जायलाच लागली आहेत.”

पण साहेब ते साहेबच. प्रत्येकाची लेखी संमती हवी, त्यावर सहीच्या जागी ज्याच्या त्याच्या नावाचा शिक्का हवा. आणि त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ज्या टोपणनावाचा माणूस सापडणार नाही, ते गाळायचं.

सगळे सापडले. जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांनी शिक्के दिले. राहिलं एकच, यादीतलं अगदी शेवटचं: ‘भिंतीपलीकडचे काका’. कुणालाच आठवेना. निशिवाकीसानांना विचारलं, तर त्याही नाही म्हणाल्या. गेल्या आठवड्यात साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग गाळा.” मला रात्री झोप लागली नाही. कुणीतरी काहीतरी केलं असेल, तेव्हाच नाव आलं असेल ना?

आणि आज तो फोन.

“काय रे होरिए, गाळलंस का ते नाव?”

उद्या सकाळी खेळ कारखान्यात जाण्याआधी गाळणार, असं मी सांगितलं.

“मग ऐक. मुद्दामच सांगितलं नव्हतं मी. आधी कळलं असतं तर त्या माणसानं स्वतःच्या हातानं खोडलं असतं. माझी ध्वनीची खोली आणि त्याची खोली, मध्ये नुसतं प्लायवुड. मी सूर लावायला बसले की पलीकडून ठप्. करारावर शिक्का मारतोय. पुन्हा ठप्. मी भिंतीवर सपाता हाणायचे. तो ‘माफ करा’ म्हणायचा, की परत ठप्. इकडे मला गोदामाच्या दाराचा आवाज काही केल्या जमेना. दार लागलं की पोराला वाटलं पाहिजे, सुटलो बुवा. आणि एक दिवस लक्षात आलं, तो तर रोज भिंतीतून येतोय.”

तेव्हा असा आवाज टेपवरून उचलून घालता येत नसे, यंत्राच्या सुरांतून घडवावा लागे. निशिवाकीसानांनी तो भिंतीला कान लावून लावून घडवला.

मित्रहो, तो आवाज आपण सगळे ओळखतो. कोल्हा आत येतो, दार लागतं, पहारेकरी बाहेर राहतो. माझं शाळेत जाणं थांबलं होतं त्या वर्षी मी मामाच्या जुन्या यंत्रावर दिवसभर तेच दार लावत असे.

इसोगाईसान, ते काका आपण आहात. एकदा जरी शेवटपर्यंत खेळला असतात, तर आपल्याला तेव्हाच कळलं असतं.

आजचा दिवस अजून संपलेला नाही. आपल्याच अटीप्रमाणे मी संमतिपत्र आणलं आहे. आपल्या आडनावातलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी लिहितात, म्हणून नावाची जागा रिकामी ठेवली आहे. ते आपण लिहावं. कामाच्या रकान्यात मी ‘दाराचा आवाज’ असं लिहिलं आहे. शाईची डबी इथे आहे. शिक्का आपल्या जाकिटाच्या डाव्या खिशात असतो, हे सगळ्या कंपनीला ठाऊक आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, निशिवाकीसान इतक्या लांबून आल्या, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. कुणाच्या नावाचा उच्चार चुकला असेल, मोठ्यांपुढे आगाऊपणा झाला असेल, तर पोटात घालावं.

आता मी माइक टेबलाजवळ धरतो. कृपया सगळ्यांनी क्षणभर ग्लास खाली ठेवावेत.