आजोबांचा धंदा

पूर्वज काय काम करत हे कळल्याशिवाय माणसाला स्वतःची ओळख पटत नाही, असं जुन्या नोंदींच्या कचेरीत, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या गंभीरपणे धाकट्या बहिणीने सांगितलं. थोरल्या भावाने तिला पंख्याखालून जरा सरकायला सांगितलं.

"दादा, आजोबा सुतारच असणार. आई म्हणायची."

"काका तर नावाडी म्हणायचे."

"मग होड्या बांधत असतील!"

"आपल्याकडे नदी कुठे होती गं?"

"लाकूड दिसलं की माझा हात आपोआप त्यावरून फिरतो. हे कुठून आलं मग?"

"तू जन्मभर बँकेत होतीस."

"म्हणून तर! घराण्यात एकाने तरी हातांनी काही घडवलेलं असू दे."

तेवढ्यात त्यांची नोंद शोधायला आत गेलेला कारकून खिडकीत परत आला.

"जुन्या शिरगणतीत नोंद सापडली. पण घरात कुणी भेटलं नाही की तेव्हा शेजाऱ्यांना विचारून धंदा लिहायचे."

"चालेल. काय लिहिलंय?"

"'घरी नसतो.'"

"एवढंच?"

"एवढंच."

"कुठेतरी कामालाच जात असणार ना, दादा?"

"जात असणार गं."

"साहेब, याची नक्कल मिळेल?"

"झेरॉक्सवाला आज आलेला नाही."