गारांत मेंढरांना हाका

चहासंगं तुमाला माझीच फजिती लागती. सांगतो, पर पुन्यांदा इचारू नका.

वृद्धाश्रमात आलो त्याच उन्हाळ्यात गारा पडल्या. पत्र्यावर असा दणका, की समदे म्हातारे खाटंखाली. मी मातर घोंगडं घेऊन अंगणात पळालो आन् मेंढरांना हाका घालाया लागलो. जल्मभर तेच केलं. आधी मेंढरं, मग आपण.

शेजारच्या खाटंवरचा सिरसाळ्याचा वाणी दारातून वरडला, "कशाला मरतो बे? हितं कुठली मेंढरं?"

"लिंबाखाली हायती. कोकरं लई बारकी हायती."

वाणी आत वळला. मग छत्री घेऊन आला आन् माझ्यासंगं हाका घालाया लागला. जल्म दुकानात गेलेला, गिऱ्हाइकाला बोलवावं तसा म्हणतो, "या, या, आत या, बसा!"

त्या गारांत बी मला हसू आलं. हसता हसता ध्यानात आलं, लिंबाखाली कोनीच न्हाई.

मी दवाखान्यात असताना कळप इकला, जीप घ्यायला. मला इचारलं न्हाई, जाताना एकदा हाक बी घालू दिली न्हाई. त्याची माफी मागाया एक जण अजून यायचा हाय. माझा थोरला ल्योक, बिरू.