खिडकीशी झोपणारी

कॉलेज सुटल्यावरची नळदुर्गची एसटी. प्रत्येक खिडकीला डोकं टेकून एकेक मुलगी झोपलेली. माझ्याशेजारी दोघी मैत्रिणी दांडी धरून उभ्या.

"दीक्षा, आज समद्याच कशा गं झोपल्यात?"

"कॉलेजचं कन्फेशन पेज बघितलं न्हाईस का, भुवनेश्वरी? कुणीतरी नाव न देता टाकलंय, 'नळदुर्गच्या गाडीत खिडकीशी झोपणारी, तू लई गोड दिसतीस.'"

"मग?"

"मग काय! जिनं तिनं स्टेटसला ठेवलंय, 'हे माझ्यावरच हाय' म्हणून."

"अगं, पण खिडकीशी रोज तर तूच झोपतीस! कुणी लिहिलं असंल गं?"

"हळू बोल. मीच लिहिलंय."

"स्वतःवर?"

"दुसरं कोण लिहिणार व्हतं? म्हटलं, एखादा तरी वळून बघंल. तर हितं माझी खिडकीच गेली."

"आता रोज उभ्यानं जायचं व्हय?"

"छे! आत्ताच टाकते, 'दांडी धरून उभी राहणारी, तुझ्यासारखी कुणीच न्हाई.' उद्या बघ, अख्खी गाडी बसायला रिकामी."

"टाक, टाक. पण जरा दम धर."

"का गं?"

"मला केस तरी नीट करू दे."