म्हशीच्या डेकला लॅपटॉप

हुपरीच्या एसटीत पुढच्या सीटवर आकारामतात्या वायरचं भेंडोळं घेऊन बसलेले, शेजारी निसारभाई.

“कसली वायर ओ तात्या?”

“पोराचा लॅपटॉप गोठ्यातल्या जुन्या डेकला जोडायची. गाण्याची कॅसेट अडकायला लागल्यापास्नं म्हस पान्हाच सोडंना.”

“मग लॅपटॉपवर गाणी लावा की.”

“लावली. खरखर न्हाय म्हणून म्हशीनं लाथ मारली.”

“मग आता वायर कशाला?”

“काल उसन्या वायरीनं जोडलेलं तसंच ऱ्हायलं आन पोराची ऑफिसची मिटिंग लागली. साहेब डेकातनं इंग्रजीत वरडला, तशी म्हस पान्हावली!”

“पर साहेब रोज कशाला वरडंल?”

“पोरगं रोज काम चुकवतंय की.”

“आन नोकरी गेली तर?”

“त्येचाच घोर लागलाय, निसारभाई. म्हस आटंल.”