विमानतळावर घ्यायला कोण येणार?

आजच्या निरोपसभेचे अध्यक्ष आणि आपल्या कोरियन मंडळाचे आधारस्तंभ श्रीयुत प्यो जोंग-दू, व्यासपीठावर बसलेले पाद्रीसाहेब, माझं दुकान ज्यांनी विकत घेण्याचं धाडस केलं त्या सुनीता तामांग, आणि जेवण मागच्या टेबलावर मांडलेलं दिसत असूनही माझ्याकडे तोंड करून बसलेल्या माझ्या न्यू जर्सीकर बंधू-भगिनींनो,

मघाशी अध्यक्षांनी मला ‘अनेकांच्या आयुष्याचा शिल्पकार’ म्हटलं. हा सत्कार आहे की तक्रार, हे मला अजून कळलेलं नाही. आपल्याकडचा अलिखित कायदा तुम्हाला ठाऊकच आहे: विमानतळावर घ्यायला जो येतो, त्याचाच धंदा नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. भाजीवाला आला तर भाजी, मासेवाला आला तर मासे. आणि माझ्याकडे गाडी मोठी होती, हे तुमचं दुर्दैव.

शहाऐंशी साली हेच अध्यक्ष केनेडी विमानतळावर व्हायोलिन पोटाशी धरून उतरले. संगीत शिकवायचं होतं त्यांना. मी थेट माझ्या लॉन्ड्रीत नेलं आणि इस्त्री हातात दिली. ते म्हणाले, “होंगदादा, हे तात्पुरतंच ना?” मी म्हणालो, “अगदी तात्पुरतं.” आज त्यांच्या तीन लॉन्ड्र्या आहेत. हसू नका अध्यक्षमहाराज, व्हायोलिन कुठे आहे ते सांगा.

त्या काळात आठवड्याला कुणी ना कुणी यायचंच. मग गर्दी ओसरली. तिकडे कोरियात सुबत्ता आली; इकडे येऊन लोकांच्या पँटी इस्त्री करायला कोण येणार? आता व्हिएतनामी येतात, नेपाळी येतात. सुनीताचा भाचा शनिवारी येतोय. मी तिला पोक्तपणे सांगितलं, “बाई, त्याला दोन दिवस झोपू दे, मग विचार काय करायचंय ते.” ती म्हणाली, “विचारीन ना काका. पण इस्त्रीला माणूस हवाच आहे.” दुकान योग्य हातात पडलंय.

आणि आपली माणसं? ती परत निघालीत. माझी युनिस इथेच जन्मली, सोलला वर्षभर इंग्रजी शिकवायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. मी चारचौघांत टोमणे मारायचो, “बाप ज्या दारातून जीव मुठीत धरून बाहेर पडला, त्याच दारातून लेक नाचत आत गेली.” आता गुडघे बोलायला लागल्यावर बापही त्याच दाराशी उभा आहे. कुणी काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

पण मंडळी, परतीची सोलची तिकिटं काढली आणि माझी झोप उडाली. तिकडे होता तो भाऊ वारला, गावात आता उंच इमारती. बायको म्हणाली, “अहो, सगळ्या जगाला आणायला गेलात. आपल्याला घ्यायला कोण येणार?” एवढे टोमणे मारून लेकीला ‘ये’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? शेवटी फोन करून विचारलं, “काय गं, विमानतळावरून बस मिळते का?”

ती म्हणाली, “बाबा, बस कशाला? मी येते.”

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आणि लगेच कोरडेही झाले. कायदा आठवला ना! ती इंग्रजीची मास्तरीण. म्हणजे आता मी इंग्रजी शिकवायचं? चाळीस वर्षांत माझं इंग्रजी दोनच वाक्यांचं: ‘स्टार्च घालू का?’ आणि ‘गुरुवारी मिळेल.’ मी तिला तसं सांगितलंही.

ती म्हणाली, “घाबरू नका. मी एकटी येणार नाहीये. तुमचा नातू जुन्हो बरोबर असेल. दोन वर्षांचा झालाय, आणि त्याला सांभाळायला मला माणूस हवाय.”

तेव्हा मंडळी, धंदा ठरला. या खेपेला मी ‘तात्पुरतं ना?’ असं विचारलंसुद्धा नाही.

आपण सर्वांनी माया केलीत, त्याबद्दल मी आणि माझी बायको ओक-बुन आपले ऋणी आहोत. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. तुटलेल्या बटणांचंही तसंच करा, सुनीताकडे मागू नका. आणि अध्यक्षमहाराज, मंगळवारी मला विमानतळावर सोडायला तुम्हीच या. येताना व्हायोलिन घेऊन या, वाजवता येत नसलं तरी चालेल.