नॅसॉच्या धक्क्यावर लाल चपला

जहाज सुटायची वेळ झाली की उशीर झालेल्यांची पळापळ बघायला कठड्याशी झुंबड उडते. वर्नाही आपला ग्लास सांभाळत दोन मैत्रिणींच्या मागे उभी राहिली.

“आला गं आला! तो बघ, लांबून ढेरपोट्या धापा टाकत येतोय, डोरीन!”

“अगं बाई, बदकसुद्धा बरं धावतं! अशाच्या बायकोची कीव येते मला.”

“तुझा वॉल्टर कुठाय?”

“केबिनमध्ये फुगून बसला असेल. माझ्या लाल चपला किनाऱ्यावर विसरला, म्हणून चांगला फैलावर घेतला त्याला.”

“ह्या ढेरपोट्याच्या हातातही काहीतरी लाल आहे बघ.”

“कुठे?”

“चपलाच दिसतायत. डोरीन? अगं, कठड्यावर चढतेस काय अशी?”

“शिडी काढू नका रे! वॉल्टर, पळ! टाक त्या चपला नि पळ!”

“टाकत नाहीये गं तो.”

“टाक म्हणते ना, गाढवा!”

“चढला गं, चढला एकदाचा!”

सगळा कठडा खदाखदा हसत होता, वर्नासुद्धा.

“दात काय काढताय? तुमच्यापैकी कुणाचा नवरा बदकासारखा तरी धावलाय का कधी तुमच्यासाठी?”