दिनेशचे बुंदीचे लाडू

ते लाडू माझ्याकडं सरकवू नका, मी खात न्हाय. का ते ऐका.

दोन हजार तीन-चार साल असंल. राजारामपुरीत आमच्या नव्या घराची फरशी बसवायला बिहारचा दिनेश होता. एक दिवशी गडी डोक्याचा पार चकोट करून कामावर हजर. मी वरडलो, "काय भय्या, तिरुपतीला गेलतास व्हय? मग लाडू कुठं हायत?"

तो नुसता हसला. मी सोडतोय व्हय? तीन दिवस येता-जाता तेच, "लाडू कुठं हायत?" चौथ्या दिवशी त्यानं खरंच डबा भरून बुंदीचे लाडू आणले. शेजारपाजारच्यांनाबी बोलवलं. एकेकाच्या हातावर लाडू ठेवला आणि वाकून पाया पडला. मी दुसरा मागून घेतला. म्हटलं, "बालाजी पावला की रे तुला!"

तवा तो हळूच म्हणाला, "साहब, आज माँ की तेरहवीं है. गाँव जा नहीं पाया. किसी को तो खिलाना था."

आपल्यात मयताच्या घरी शेजारी भाकरी घेऊन जात्यात. आणि डोकं तर आपल्यातबी काढत्यात की. पण ह्येला आई असंल, हेच माझ्या डोक्यात आलं न्हाय.